तात्यांची दुसरी दोरी

दत्तू तात्या चौगुल्यांच्या छत्रीला दोन दोऱ्या आहेत. एक साधी सुतळी, ती छत्रीच्या मुठीपासून तात्यांच्या मनगटापर्यंत. दुसरी छत्रीच्या टोकाला, आणि तिच्या शेवटी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, बूच घट्ट लावलेली. या दुसरीच्या जागी पूर्वी पायजम्याचा नाडा असायचा, अलीकडे एक विटकी गुलाबी फीत असते. तात्या छत्री मिटून चालू लागले की बाटली त्यांच्या मागून टकटक करत येते. आमच्या पेठेतली कुत्रीसुद्धा आता तिच्यावर भुंकत नाहीत.

एकदा मंडईत ही छत्री एका बाईच्या पिशवीच्या बंदात अडकली. बाई गरकन वळली.

"काय ओ म्हातारबा, माझी पिशवी वडताय व्हय?"

"वडतोय कुठं? तुम्ही हलू नका. सैल सोडा."

"काय सैल सोडा?"

"पिशवी वो. तानली की जास्ती आडकतंय."

मग तात्यांनी त्या बाईला अर्धी प्रदक्षिणा घातली, मागच्या बाजूला जाऊन बाटली उचलली आणि फीत अलगद ओढली. छत्री आली त्याच वाटेनं परत निघाली. "बगा," तात्या म्हणाले, "मेथीचं एक पान तुटलं न्हाई." बाईनं पाव किलो वांगी कमी घेतली आणि लवकर घरी गेली.

"एक धरायला, एक सोडवायला." हे तात्यांचं सगळं तत्त्वज्ञान. त्यांच्या घरात आडाच्या बादलीला दोन दोऱ्या आहेत, एक कडीला, एक बुडाला. न्हाणीघराच्या कडीला बाहेरून ओढायची दोरी आहे. चष्म्याला दोन आहेत, त्यातली दुसरी कशातून काय सोडवणार हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांच्या सौभाग्यवती होत्या तेव्हा म्हणायच्या, "माझ्या मंगळसूत्राला तेवढी दुसरी दोरी बांधायची राहिलीया." त्या जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तात्या एकटेच असतात.

या माणसाला आमच्या पेठेत 'गाठसुटे तात्या' म्हणतात. ते नाव खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी शहात्तर वर्षांचा आहे, निवृत्त मुख्याध्यापक आहे आणि आमच्या तालीम मंडळाचा बारा वर्षं अध्यक्ष आहे. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. स्वतःसाठी थोडी सवलत ठेवली होती, इतकंच.

तात्यांनी राधानगरीच्या धरणावर पाटबंधारे खात्याच्या बोटीवर तीस वर्षं काढली. धरणाच्या तळाला जुन्या झाडांचे बुंधे, बांध, गडग्यांचे दगड. टाकलेला नांगर तिथं कशात ना कशात अडकायचाच. "नांगर म्हंजे जावई," तात्या सांगायचे. "जाताना सुळकन जातोय. निघताना रुसून बसतोय. आनि जावयाला दंडाला धरून वडलं तर निघंल व्हय? वळसा घालून, मागनं जाऊन, गोड बोलून काडायचा."

मागच्या एका मोठ्या पुरानंतर मंडळांमध्ये बोटी घेण्याची लाट आली. समोरच्या पेठेनं घेतली म्हटल्यावर आम्ही घेतलीच. बोट आली, इंजिन आलं, चार नख्यांचा लोखंडी नांगर आला, आणि पाण्यात बोट चालवलेला अख्ख्या पेठेत एकच माणूस निघाला. तात्या बोटीचे प्रमुख झाले. मी त्यांना किल्ली दिली तेव्हा त्यांनी तिला तिथल्या तिथं दोन दोऱ्या बांधल्या.

प्रशिक्षण कुठं द्यायचं? नदीला पाणी नव्हतं. तात्यांनी थेट तालमीच्या हौद्यात नांगर पुरला. तेल, ताक, लिंबू घालून मळलेल्या त्या लाल मातीत लोखंड रुतवलेलं बघून वस्ताद लालेलाल झाले.

"तात्या, ही कुस्तीची माती हाय!"

"मग लावा की कुस्ती. आना तुमचं पैलवान."

चार पैलवान दोरीला लागले. मांड्या थरथरल्या, मानेच्या शिरा फुगल्या, नांगर आणखी आत गेला. तात्या तोवर बिडी ओढत होते. मग ते हौद्याच्या दुसऱ्या अंगाला गेले. नांगराच्या बुडाला त्यांनी एक वेगळी निळी दोरी बांधलेली होती, तिच्या टोकाला केशरी रंगाचा रिकामा कॅन. पाण्यात हा कॅन वर तरंगणार, म्हणजे दोरी सापडणार. तात्यांनी कॅन उचलला आणि दोन बोटांनी ओढलं. नांगर उलटा होऊन बाहेर आला. पैलवान एकमेकांकडे बघत राहिले. वस्ताद म्हणाले, "ही चिटिंग हाय." पण त्या दिवसापासून पैलवान तात्यांना लवून नमस्कार करू लागले.

उन्हाळाभर तात्या नदीकाठानं वही घेऊन हिंडले. कुणाच्या शेतात तारेचं कुंपण, कुणाच्या बांधावर पाइप, कुठं मोटरीची विहीर. "पुरात वरनं सगळं सारकंच दिसतंय, अध्यक्ष. खाली कुनाचं काय हाय ते म्हाईत पायजे." आणि निळ्या दोरीची ती गाठ ते रोज तपासायचे. ती गाठ त्यांचा जीव होता. "तीस वर्षांत एकदा सुटलेली न्हाई," असं सांगताना आवाज एरवीपेक्षा खाली यायचा.

आता माझं.

पावसाळ्याच्या तोंडावर बोटीचं पूजन ठेवलं. बोटीवर झेंडूच्या माळा, मागे फलक, फलकावर माझा फोटो. पाहुणे यायला अर्धा तास होता. फोटोग्राफर म्हणाला, "सर, तो केशरी कॅन बरोबर तुमच्या तोंडासमोर येतोय." खरंच येत होता. शिवाय एवढ्या देखण्या बोटीला रॉकेलच्या दुकानासारखा कॅन लटकलेला. तात्या नारळ आणायला गेले होते. मी दोरी सोडायला बसलो. गाठ सुटेना. नखं दुखली, दात लावले, तरी सुटेना. मग फोटोग्राफरकडून ब्लेड घेतलं आणि गाठीच्या वर दोन बोटांवर दोरी कापली. उरलेला तुकडा वाईट दिसत होता, म्हणून त्याच्यावर गुलाबी सॅटिनच्या फितीचं फूल बांधलं. कार्यक्रम झाला की तात्यांना सांगून नवीन दोरी बांधून घेऊ, असं ठरवलं होतं. कार्यक्रम झाला. मिसळ आली. फोटो उत्तम आले होते. कॅन फलकवाल्याच्या सामानाबरोबर गेला, कापलेली दोरी मी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि बोट ताडपत्रीखाली गेली. लगेच पाऊस लागला, त्यामुळं तात्यांची गाठीची रोजची तपासणीही राहिली.

आठ दिवसांत नदी पात्राबाहेर आली.

आम्ही गेलो ती नदीकाठची वस्ती होती. दोन घरांच्या छपरांवर माणसं. बोटीत तात्या, दोन पैलवान आणि मी. माझं तिथं काहीच काम नव्हतं, पण अध्यक्ष मागे कसा राहणार? घाईत कुणीही नांगराच्या बुडाकडे बघितलं नाही. बोट निघताना कॅन दोरीसकट गुंडाळून पुढच्या खणात असतो आणि नांगराबरोबर आपोआप पाण्यात पडतो, हे तात्यांनीच लावलेलं वळण, त्यामुळं तो असणारच असं त्यांनी धरलं. तात्यांनी घराच्या वरच्या अंगाला नांगर टाकला आणि दोरी थोडी थोडी सोडत बोट प्रवाहाबरोबर छपराला नेऊन लावली. पाच माणसं आणि एक शेळी आत आली. परत निघायचं तर नांगर हलेना.

तात्यांनी दोरी सैल सोडली, इंजिन लावून नांगराच्या पलीकडं जाऊन बघितलं, डावीकडनं बघितलं. पाणी चढत होतं, बोटीचं नाक खाली ओढलं जात होतं. एक म्हातारी जोतिबाचं नाव घ्यायला लागली. तात्यांनी खण उघडला. मग पाण्यावर नजर फिरवली.

"अध्यक्ष, क्यान कुटं हाय?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वाहून गेला असेल."

तात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग विळा घेऊन नांगराची दोरी कापली. बोट गर्रकन फिरली आणि इंजिन सावरायच्या आत बाभळीवर आदळली. पंखा मोडला. झाडांना धरत धरत आम्ही कसेबसे काठाला लागलो. माणसं सुखरूप, शेळीसुद्धा. पण दुसऱ्या छपरावरच्या चौघांना आणायला आमच्याकडे बोट राहिली नाही. त्यांना समोरच्या पेठेच्या मंडळानं आणलं. त्यांनी येताना हलगी वाजवली.

हलगी आमच्या पेठेला झोंबली. पूर ओसरल्यावर सभा झाली.

"दोरी कुनी कापली?" वस्तादांनी विचारलं.

"मी," तात्या म्हणाले.

"आनि ती तुमची दुसरी दोरी? वरीसभर डोस्कं खाल्लंसा आमचं. एक धरायला, एक सोडवायला. कुटं गेलती ती?"

तात्यांनी खिशातली किल्ली काढली. मग म्हणाले, "सुटली असंल. गाठ चुकली असंल माझी."

अध्यक्षाच्या खुर्चीत मी बसलो होतो. समोर कार्यवृत्ताची वही होती, तिच्यात मी खूप लक्ष घातलं. तात्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, आधी तिच्या दोन्ही दोऱ्या सोडून घेतल्या, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते 'गाठसुटे' झाले. पैलवानांचा नमस्कार बंद झाला. तात्यांनी तालमीच्या कट्ट्यावर बसणंही बंद केलं. फक्त रोज संध्याकाळी माझ्या दारावरून छत्री घेऊन जायचे, बाटली टकटक वाजवत. थांबून म्हणायचे, "काय अध्यक्ष, बरं हाय?" मी म्हणायचो, "बरं आहे." आणि आत जायचो.

अशी चार वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात मी स्कूटर विकली. डोळ्यांनी आता साथ सोडली आहे. घेणाऱ्यानं डिकी उघडली आणि म्हणाला, "आजोबा, ही दोरी पायजे व्हय तुमाला?" निळी दोरी. एक टोक स्वच्छ कापलेलं.

काल संध्याकाळी मी ती पिशवीत घालून तात्यांकडे गेलो. काय बोलायचं ते चार वेळा घोकलं होतं. तात्यांनी चहा टाकला, साखर विचारली, राधानगरीकडे पाऊस लागल्याचं सांगितलं. माझं वाक्य काही निघेना. शेवटी मी पिशवीच त्यांच्या पुढ्यात ठेवली.

तात्यांनी दोरी बाहेर काढली, कापलेलं टोक बोटावर फिरवलं. मग खाली वाकून कॉटखालून काहीतरी ओढलं. फरशीवर लोखंड खरडलं. आमचा नांगर.

"मोटरीच्या विहिरीच्या जाळीत आडिकलाता," तात्या म्हणाले. "मार्चमदी पानी उतारल्यावर गेलतो. वहीत जागा लिवलेली हुतीच की."

नांगराच्या बुडाला निळ्या दोरीचा दोन बोटं तुकडा होता. गाठ जशीच्या तशी. तात्यांनी माझं टोक त्या तुकड्याला लावून बघितलं. जुळलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "गाठ सुटली नव्हती हे. आणि तरी..."

"बोटीतच कळलंतं. तुमचं त्वांड बघून."

"मग सभेत का नाही बोललात? नंतर तरी हा नांगर नेऊन आपटायचा होता वस्तादांसमोर!"

"तुमी मास्तर मानूस. पेठेतल्या निम्म्या पोरांस्नी तुमी शिकवलंय. त्येंच्या म्होरं तुमाला कसं वडायचं?" तात्यांनी चहा बशीत ओतला. "आनि वडून निघतंय व्हय? म्हटलं, सैल सोडावं. दुसऱ्या अंगानं बगावं."

"दुसऱ्या अंगानं म्हणजे?"

तात्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मी नीट बघितलं. चार पावसांनी आणि चार उन्हांनी रंग गेला होता, पण सॅटिनची ती फीत मीच बांधली होती. एका कडेला माझ्या दातांनी तोडल्याची खूण अजून होती.

"तवापासनं रोज तुमच्या दारावरनं न्हेतोय," तात्या म्हणाले. "म्हटलं, कवा तरी बगतील, वडतील. तुमी आपलं, बरं हाय, म्हनायचं आनि आत जायचं."

तात्यांनी बशी पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोट नगं मला आता. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. पर पावसाच्या आदी येकदा हाक मारा गाठ बगायला. पोरं कशीबी बांधत्यात."

निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. तात्यांनी छत्री माझ्या हातात दिली, सुतळी माझ्या मनगटाला बांधली आणि ओढून बघितली. "उद्या आनून द्या. सांजचं या, चा घिऊ. मी घरातच आस्तो." मी दोरी परत पिशवीत भरली, दुसऱ्या हातात नांगर घेतला. सात-आठ किलो असेल. शहात्तराव्या वर्षी बराच लागतो.

मधेच पाऊस थांबला म्हणून मी छत्री मिटली आणि बाटली माझ्या मागून येऊ लागली. टक, टक. तालमीच्या कट्ट्यावर वस्ताद चार-पाच पैलवानांना घेऊन बसले होते. बाटलीच्या आवाजानं त्यांनी मान वर केली आणि मला बघून हसायला लागले.

"काय अध्यक्ष? तुमी बी झालासा व्हय गाठसुटे?"

माझं घर तिथून चौथं. एरवी मी, बरं आहे, म्हटलं असतं आणि पुढं गेलो असतो. पण हात भरून आला होता. मी तालमीची पायरी चढलो आणि नांगर वस्तादांच्या पुढ्यात ठेवला, गाठीची बाजू वर करून.