राणी यमुनाईसाहेबांच्या जास्वंदींनी हिवाळा कैसा काढिला तयाची हकीगत

श्री. सूर्यनारायणास दंडवत, हिमराजास लांबूनच नमस्कार. शके पंधराशे एकोणीस, हेमलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी वर्तमान जाहले ऐसे जे, एक राज्य होते, तेथे बर्फ इतके पडे की शत्रूही यावयाची तसदी घेत नसे, आणि हाच तेथील सेनापतींचा पराक्रम म्हणोन गाजे. तेथील राणी यमुनाईसाहेब सागरतीरीच्या उष्ण मुलखीच्या लेक. सासरी येताना मातुश्रींनी आपल्या हातच्या जास्वंदी कुंड्यांसहित दिधल्या. पुढे मातुश्री निवर्तल्या, आणि माहेर म्हणोन त्या कुंड्याच तेवढ्या उरल्या. मग पहिले हिव पडले आणि शेंडे काळे जाहले. महाराज गहिवरले आणि थोर मसलत बैसली. दिवाण भिकोपंत बोलिले, "महाराज, आपणांस थंडी वाजते तेव्हा शेगडी आणि शाल लागते. झाडांस तेच द्यावे." ऐशी अगाध बुद्धी पाहोन सभा थक्क जाहली. मग कुंड्या दरबारी आणिल्या, भोवती शेगड्या पेटविल्या, शाली पांघरविल्या, आणि जो सरदार मुजऱ्यास येई तो निष्ठा दाखवावयास तांब्याभर पाणी ओती. जास्वंदींस इतकी निष्ठा सोसवेना. पाने पिवळी पडोन गळाली. तेव्हा पंत दुःखी मुद्रा करोन वदले, "झाडे स्वर्गवासी जाहली. सरपण तरी होईल."

राणीसाहेबांचे काळीज हलले. त्यांनी नखाने साल खरवडिली, तो आत हिरवे! "पंत, हात लावाल तर खबरदार!" ऐसे गर्जोन त्यांनी मनाशी विचार केला की अंगणी थंडीने मारिले, दरबारी उबेने मारिले, तर मधली जागा पाहावी. आणि पदर खोचोन कुंड्या स्वतः ओढीत मसलतखान्यात नेल्या. तेथे शेगडी नव्हती, तरी पाणी गोठत नसे. दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन येई. आणि राज्यकारभारास कोणी फिरकत नसल्याने झाडांस उपद्रव नव्हता. माती बोटाने चाचपावी, कोरडी लागली तर घोटभर पाणी द्यावे, आणि "बायांनो, एवढा हिवाळा काढा गं," म्हणोन डोळे पुसावे, ऐसा त्यांचा क्रम चालिला.

मग फाल्गुनी फांद्यांस डोळे फुटले आणि चैत्री एक तांबडे फूल उमलले. महाराजांनी तत्काळ दवंडी पिटविली की हा शेगड्यांचा गुण, आणि पंतांस 'वृक्षधन्वंतरी' किताब व पालखी बहाल केली. मग भर दरबारी महाराजांनी फुलासाठी हात पुढे केला.

"हे माझ्या आईचे आहे," राणीसाहेब बोलिल्या, आणि फूल आपल्याच अंबाड्यात खोविले. महाराजांनी पुढे केलेला हात मिशीवरून फिरविला आणि सभेने त्या मिशीची वाहवा केली.

येणेप्रमाणे जास्वंदी वाचल्या, पंत पालखीत बैसले, आणि राणीसाहेब मातुश्री गेल्यापासोन प्रथमच हसल्या. दौतीतली शाई गोठावयाच्या आत लिहिले, ते येथे पुरे जाहले.