कॉलरमध्ये बसलेलं बोलणं

सदानंदराव खटावकरांच्या नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांच्या बायकोचं एक वाक्य अडकलं होतं आणि मान तापली की ते ऐकू यायचं. वाक्य असं होतं : "एवढ्यात ह्यांना कळू देऊ नका."

शर्ट मुलीच्या साखरपुड्यासाठी शिवलेला. आदल्या दिवशी सदानंदरावांनी तो घालून पाहिला, वरचं बटण लावलं, आणि कॉलरच्या उजव्या टोकातून माधुरीताईंचा आवाज आला. माधुरीताई तेव्हा स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोनं काही लपवल्याचं सदानंदरावांना आठवेना, आणि आता नेमकं तेच त्यांना संशयास्पद वाटू लागलं. त्यांनी शर्ट पिशवीत कोंबला आणि कुणाला न सांगता कोपर्डे टेलरचं दुकान गाठलं.

कोपर्ड्यांनी कॉलरजवळ गरम इस्त्री नेली, वाक्य ऐकलं आणि पेस्टिंगमध्ये असं होतं म्हणून सांगितलं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत एका बाजूनं डिंक असलेला तुकडा इस्त्रीनं चिकटवतात. त्याच्या आणि कापडाच्या मध्ये जे सापडेल ते बसतं. पांढऱ्या कापडाखाली काळा दोरा बसतो, केस बसतो, तसं बोलणंही बसतं. म्हणून आधी कापड झटकायचं, डिंकाची बाजू नीट बघून घ्यायची, इस्त्री फिरवायची नाही, नुसती दाबून धरायची, आणि सगळं गार होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या दिवशी वहिनी समोर होत्या, त्यांना गप्प करायचं राहून गेलं. चूक दुकानाची, हे कोपर्ड्यांनी मान्य केलं.

"मला काय कळू द्यायचं नव्हतं?" सदानंदरावांनी विचारलं.

"ते इस्त्री टेकायच्या आधीचं बोलणं. ते कॉलरमध्ये नाही."

"पण तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण वहिनी काय म्हणाल्या, ते तुम्हीही ऐकलंत की आत्ता."

कोपर्ड्यांनी उजवं टोक उसवलं, तापवून आतला तुकडा सोलला. वाक्य एकदा मोठ्यानं उमटलं आणि गेलं. मग नवा तुकडा ठेवून ते इस्त्री दाबून उभे राहिले. ते आपल्याकडे बघत नाहीत, हेही सदानंदरावांना खटकलं. त्यांना राहवेना.

"ती इथं कुणाबरोबर आली होती?"

कोपर्ड्यांनी इस्त्री उचलली, कॉलर गार होऊ दिली. "बसलं," ते म्हणाले.

पुन्हा तापवलं तर कापड करपलं असतं आणि दुसऱ्या शर्टाला वेळ नव्हता. मान थंड ठेवा, एवढाच सल्ला मिळाला.

साखरपुड्यात सदानंदराव मानेवर ओला रुमाल धरून बसले. सगळं पार पडत आलं होतं. तेवढ्यात व्याह्यांनी हौसेनं त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली, रुमाल बाजूला करून नीट गुंडाळली आणि हातात नारळ दिला. सदानंदरावांच्या तोंडात पेढा होता. कॉलरनं त्यांच्या आवाजात स्पष्ट विचारलं, "ती इथं कुणाबरोबर आली होती?"

व्याही म्हणाले, "कोण?" माधुरीताईंनी मात्र ते विचारलं नाही. त्यांनी हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या. सदानंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर त्यांनी सांगून पाहिलं की ते कॉलर बोलली.

"कॉलर बोलली, मान्य," माधुरीताई म्हणाल्या. "पण तिला शिकवलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी त्या शर्ट घेऊन कोपर्ड्यांकडे गेल्या. डावं टोक उसवून घेतलं, पक्कं राहावं म्हणून दुहेरी पेस्टिंग घालायला सांगितलं आणि इस्त्री टेकल्यावर शांतपणे बोलल्या, "एकटीच आले होते. तुमचा गळा अर्धा इंच वाढलाय, तेवढी कॉलर वाढवून घ्यायला. तुम्हाला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं."

तो शर्ट पुन्हा कुणी घातला नाही. तो लोखंडी कपाटात टांगलेला असतो. उन्हाळ्यात दुपारी कपाट तापतं. उजव्या टोकाला पेस्टिंग एकेरी, ते लवकर तापतं आणि विचारायला लागतं. डावं दुहेरी, त्याला वेळ लागतो. तोवर दोघं बाहेरच्या खोलीत गप्प बसून कलिंगड खातात. उत्तर आलं की माधुरीताई साली गोळा करायला उठतात. सदानंदराव मात्र अजूनही कान देऊन ऐकतात, दर वेळी उत्तर तेच येतंय ना म्हणून.