श्रवणयंत्र गिळल्यास उपलब्ध असलेल्या कर्जयोजना

प्राणिमात्रांवर प्रेम करणे ही माणसाची उच्च प्रवृत्ती आहे. तिचा भरणा मात्र खिडकी क्रमांक दोनवर करावा लागतो.

माझे मामा या प्रवृत्तीचे. एकतीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारून निवृत्त झाले आणि त्यांनी एक बोका पाळला. त्याचं नाव साहेब. (नोकरीत साहेबांना कुरवाळायची सोय नव्हती.) गेल्या मंगळवारी मामांनी कानातलं यंत्र पुसायला म्हणून काढून टेबलावर ठेवलं आणि साहेबांनी ते गिळलं. मामी बहिणीकडे गेल्या होत्या. मामांनी त्यांना फोन लावला, पलीकडचं अवाक्षर ऐकू येत नसताना सगळी हकीकत सांगितली, आणि टोपलीत बोका घालून जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांच्या पोटाला नळी लावली. आतून बारीक शिट्टी येत होती. "चालू आहे," त्या म्हणाल्या. मग मामांना त्यांनी बोटांची कात्री करून दाखवली आणि लगेच खिडकी क्रमांक दोनकडे बोट केलं. दोन्ही खुणांचा अर्थ मामांना एकच लागला, आणि तो फारसा चुकीचा नव्हता.

खिडकीत सुलभ हप्ता सल्लागार बसली होती. मामा तिला म्हणाले, "मला काही ऐकू येत नाहीये."

"पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं, काका," ती मायेनं म्हणाली आणि योजना समजावू लागली. विमा होता, त्यात जे अजून झालेलं नाही ते सगळं बसत होतं. छत्तीस हप्त्यांचं कर्ज होतं. कौटुंबिक सभासदत्व होतं, त्यात दोन प्राण्यांची नखं वर्षभर मोफत. रोख रकमेचाही पर्याय होता, पण त्याबद्दल ती नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात बोलली. (दवाखान्याच्या पाहणीनुसार दहापैकी नऊ प्राणीपालक अर्ज वाचत नाहीत. दहावा वाचतो आणि पाणी मागतो.)

तिनं अकरा प्रश्न विचारले. मामा टोपलीतल्या पंजावर हात ठेवून अकरा वेळा "हो" म्हणाले. परिणामी साहेबांच्या दातांची सफाई ठरली, मामांच्या आयुष्याचा विमा उतरला, वारस म्हणून साहेबांची नोंद झाली, आणि घरात नसलेला दुसरा प्राणी सभासद झाला.

शेवटची सही होत असताना साहेबांना उबळ आली. त्यांनी दोनदा मान लांब केली आणि यंत्र टोपलीत ओकून टाकलं. एवढ्यात मामी धापा टाकत पोचल्या. त्यांनी यंत्र धुतलं, पुसलं आणि मामांच्या कानात बसवलं. ते शिट्टी मारून सुरू झालं. मामांना पहिला शब्द ऐकू आला तो "अभिनंदन."

"कसलं?" मामींनी विचारलं.

"कर्ज मंजूर झालं, काकू."

"अहो, पण यंत्र आलं ना बाहेर. बंद करा ते."

"उपचार झाल्याशिवाय खातं बंद होत नाही."

"बोका ठणठणीत आहे."

"तीच तर अडचण आहे."

मामी मामांकडे वळल्या. "ती काय म्हणते ते ऐकू आलं नाही, तर हो कशाला म्हणालात?"

"ती साहेबाकडे बघून बोलत होती," मामा हळूच म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

 मामींनी अर्ज ओढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसल्या. (पाणी न मागता कुणी वाचतंय असा प्रसंग खिडकी क्रमांक दोनवर आला नव्हता; सल्लागारबाईनं वरिष्ठांना बोलावलं.) नवव्या पानावर मामींना हवं ते सापडलं: उपचार कोणत्याही सभासद प्राण्यावर चालत होता. दुसऱ्या प्राण्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: नर, वय अडुसष्ट, जात मिश्र, सांगितलेलं ऐकतो (यंत्र असल्यास).

मामांना टेबलावर बसवून वजन केलं, नखं कापली. डॉक्टरीणबाईंनी शेरा मारला, 'चावत नाही.' उपचार पूर्ण, खातं बंद. साहेब हे सगळं टोपलीतून पाहत होते आणि त्यांना प्रथमच मामांविषयी थोडा आदर वाटला असावा.

मामांच्या बाजूनं एवढं तरी म्हणता येईल की त्या वेळी त्यांचा कान बोक्याच्या पोटात होता. तुम्ही फोनवर 'सर्व अटी मान्य' या चौकोनात खूण करता, तेव्हा तुमचे डोळे कुणाच्या पोटात असतात, हे एकदा घरी तपासून घ्यावं.