ढालवाल्या अप्पांचं आवतण

लातूरला आमच्या शेजारी राहणारे शिवराज अप्पा राक्षस मारायला जाण्याआधी सगळ्यांना आवतण देतात. राक्षस कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन खेळातला. आवतण मात्र खरं. सकाळी आठला, कपाळाला विभूती लावून झाली की फोन: "मास्तर, आज सांजच्याला पाचला भुयारात यायचं बरं का. सहकुटुंब म्हनलो असतो, पन जागा पाचच हायेत."

भुयारात पाच जणांनी मिळून उतरायचं, असा तो खेळ. अप्पा ढाल घेऊन पुढं मार खातात, मी मागून त्यांच्या जखमा भरतो. तलवारी चालवायला धर्माबादचे मिरचीवाले शेठ, विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या मॅडम आणि उदगीरचे एक वायरमन.

बरं, आवतण एकदा देऊन भागत नाही. जेवणावळीसारखं पाचच्या ठोक्याला दुसरं बोलावणं: "चला, पानं वाढलीत!" मग आत गेल्यावर विचारपूस, मॅडमच्या गुडघ्यापासून वायरमनच्या म्हशीपर्यंत. तोवर राक्षस बिचारा ताटकळत उभा.

त्यातच खेळात नवं बटण आलं: 'गट शोधा'. दाबलं की कुठलेही चार अनोळखी सोबती मिनिटभरात हजर. मी खूश झालो, अप्पा भडकले. ओट्यावर आठवडाभर वाद चालला.

"अप्पा, दहा मिनिटांत भुयार उरकतं."

"उरकायला त्ये काय मयत हाय का? गाव ठावं न्हाई, नाव ठावं न्हाई, अन् त्याच्यासाठी मी मार खायचा?"

"वेळ वाचतो हो."

"वाचवून काय करायलाव तुम्ही? सांगा की!"

तरी मी हट्टाने बटणाच्याच बाजूने राहिलो. हळूहळू आम्ही चौघंही बटणाला लागलो. अप्पांची आवतणं येत राहिली, आम्ही "बघतो" म्हणत राहिलो. मग एका सोमवारी फोन आलाच नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी मीच त्यांच्याकडे गेलो. अप्पांनीही बटण दाबून पाहिलं होतं.

"राक्षस मेला, मास्तर. लई लवकर मेला. मी समद्यांना इचारलं, जेवलात का? एक बी बोललं न्हाई. समदे भुर्र." मग म्हणाले, "नोकरीभर औशाच्या एस्टी स्टँडवर गाड्या पुकारल्या. आता पुकारायला तुम्ही चौघंच व्हता."

मला माझीच लाज वाटली. इतक्या दिवसांत अप्पांना आमच्यापैकी कुणी एकदाही बोलावलं नव्हतं. गुरुवारी सकाळी आठला मी तिघांना फोन केले आणि मग अप्पांना: "अप्पा, आज पाचला भुयारात यायचं बरं का."

पलीकडून नुसतं, "बगतो."

पाच वाजले. आम्ही चौघं भुयाराच्या तोंडाशी उभे, अप्पांचा पत्ता नाही. सव्वापाच झाले. हेडफोनमधून वायरमन म्हणाले, "रुसले जनू. बटन दाबू का?"

"थांबा थांबा," म्हणत मी कपाळावर हात मारला आणि फोन लावला. "अप्पा, चला, पानं वाढलीत!"

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला होता.

"आलो, आलो! चारपासनं ढाल घिऊन बसलोय, मास्तर. दुसऱ्या बोलावन्याबिगर कसं यावं?"