मास्टरांचं कुलूप आणि जॅमची बरणी

कपाटाला कुलूप लावायची कल्पना मास्टरांचीच होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्याचं खापर ते आजही बायकोवर, डॉक्टरांवर आणि फारच अंगाशी आलं तर भुताखेतांवर फोडतात.

मास्टर म्हणजे कुलूपवाले. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे घर. जगातलं कुठलंही कुलूप आपण डोळे मिटून उघडतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ऐकणाऱ्याला घाई असेल तर त्याच्याबरोबर चार पावलं चालत जाऊन ऐकवत. अशा या माणसाला एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, "मास्टर, तुम्हाला डायबेटिस निघालाय. महिनाभर कडक पथ्य पाळा. साखर उतरली तर गोळ्यांवर भागेल. नाहीतर रोज इन्शुलिनचं इंजेक्शन."

इंजेक्शन म्हटल्यावर मास्टर खुर्चीतल्या खुर्चीत पांढरे पडले. (लहानपणी लस टोचायला आलेल्या नर्सला त्यांनी न्हाणीघरात कोंडलं होतं. कुलपाच्या धंद्याची सुरुवात तिथूनच झाली, असं त्यांची आई सांगायची.)

घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं. साखर, मध, बिस्किटं आणि त्यांची लाडकी जॅमची बरणी, सगळं स्वयंपाकघरातल्या कपाटात.

"त्यापेक्षा देऊन टाकू ना कुणाला," बायको म्हणाली.

"अगं, पाहुण्यारावळ्यांना काय फिका चहा पाजणार आहेस? मी कुलूप बसवतो. माझ्या हातचं. कुणाच्या बापाला उघडणार नाही."

"तुम्हाला उघडेल की!"

"मला उघडेल," मास्टर छाती फुगवून म्हणाले, "पण मी उघडणार नाही. यालाच मनोनिग्रह म्हणतात."

किल्ली बायकोच्या कमरेला गेली. सासूबाई, म्हणजे बायकोची आई, त्यांच्याकडेच राहायच्या. कोपऱ्यात बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "जावईबापूंच्या तोंडाला गोड नाही, तर माझ्याही नको. आजपासून मीही सोडलं." बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. मास्टरांनाही भरून आलं. सासू असावी तर अशी!

मग सुरू झाला कोबी. सकाळी काकडी, दुपारी कोबी, संध्याकाळी कालच्यासारखाच कोबी. मास्टर बिचारे गायीच्या चेहऱ्याने सगळं गिळत होते. दुपारी जेवून ते आडवे व्हायचे, बायको दुकानात बसायची. उठायची वेळ झाली की सासूबाई त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन मायेने चोळायच्या, "उठा हो जावईबापू." मग बायको घरच्या मशिनवर साखर तपासायची. ती बोटाला टोचायची तेव्हा मास्टर भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणत.

पहिल्या आठवड्यात मशिनने आकडा दाखवला आणि बायकोचा चेहरा उतरला. साखर वाढली होती. थोडीथोडकी नाही, चांगली तीनशेच्या वर.

"अहो, काय खाल्लंत?"

"कोबी!"

"कोबीने कुणाची साखर वाढते का?"

तिने कपाट उघडलं. कुलूप जागच्या जागी होतं, ओरखडासुद्धा नव्हता. पण जॅमची बरणी अर्ध्यावर आली होती. आणि बरणीशेजारी, बंद कपाटात, एक चमचा पडला होता. ओला.

दोघं बराच वेळ त्या चमच्याकडे बघत उभी राहिली. मग बायकोने हळूच मास्टरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांत भीती होती.

"किल्ली माझ्या कमरेला," ती म्हणाली. "किल्लीशिवाय हे कुलूप उघडणारा जगात एकच माणूस आहे. तुम्हीच सांगता."

मास्टरांनी आयुष्यभर मारलेली फुशारकीच साक्षीदार होऊन समोर उभी होती.

त्या दिवसापासून घराची कळाच बदलली. मास्टर झोपून उठले की पहिल्यांदा स्वतःची बोटं बघत. आणि बोटं चिकट असत! वास घेतला की गोडसर वास. माणूस अंथरुणात, दार लोटलेलं, चादर विस्कटलेलीसुद्धा नाही, आणि बोटांना जॅमचा वास. आपले हात आपलं ऐकत नाहीत की काय? दुकानात तरी कुठे ऐकतात? गप्पा गिऱ्हाइकाशी चाललेल्या असतात, आणि कुलूप केव्हा उघडलं ते आपल्यालाही कळत नाही. मग झोपेत हेच हात उठत असतील, आपल्याला बरोबर घेऊन स्वयंपाकघरात जात असतील, भरवत असतील...

एकदा त्यांनी कुलपावर काळी भुकटी भुरभुरवली, कुलपात तेलाऐवजी घालतात ती. हात लागला की ठसा उमटलाच पाहिजे. झोपून उठले, धावत गेले. भुकटी जशीच्या तशी. आणि आत बरणीचा तळ दिसायला लागलेला.

"बघ! कुणी हात लावलेला नाही," मास्टरांचा आवाज चिरकला. "कुलूप न उघडता खाणारं काहीतरी आहे या घरात."

"किंवा खाऊन झाल्यावर परत भुकटी टाकणारं," बायको म्हणाली. "डबी तुमच्याच खिशात असते."

हे मास्टरांना सुचलंच नव्हतं. आपण झोपेत इतके हुशार आहोत, या विचाराने ते आणखीच घाबरले. आरशासमोर दाढी करताना त्यांना आतला माणूस जरा जाडच वाटला. गोष्ट गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. न्हावी सहानुभूतीने म्हणाला, "मास्टर, गिऱ्हाइकांच्या घरी नाही ना जात झोपेत?" त्या दिवशी दुकानात कुणी फिरकलं नाही. इंजेक्शन तर ठरलेलंच होतं, आता पोटावरही पाय आला.

शेवटी मास्टरांनीच उपाय काढला. तसंच दुसरं कुलूप, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं, त्यांनी झोपायच्या खोलीच्या दाराला बसवलं. "दुपारी मला कोंडून ठेव. हत्यारं घेऊन जा. आता जॅम खाल्ला गेला तर मी नाही, आणि नाही गेला तर..."

बायकोने बाहेरून किल्ली फिरवली. मास्टर पलंगावर डोळे टक्क उघडे ठेवून पडले. घर शांत होतं. पंखा तेवढा कुरकुरत होता.

आणि मग स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्. टक्. टक्. थांबला. पुन्हा टक्. मग लाकूड कण्हल्यासारखं काहीतरी वाजलं, आणि सावकाश, अगदी सावकाश, काचेवर चमचा घासला.

मास्टरांना आधी आनंद झाला. मी इथे आहे! म्हणजे ते मी नाही! तो आनंद जेमतेम एक श्वास टिकला. मग तिथे कोण आहे?

"अगं!" त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. बायको मशिनच्या पट्ट्या आणायला औषधांच्या दुकानात गेली होती, किल्लीसकट. स्वयंपाकघरातला चमचा थांबला. बाहेर पावलं घासत दाराकडे यायला लागली.

मास्टरांच्या खिशात तारेचा तुकडा कायम असतो, इतरांच्या खिशात कंगवा असतो तसा. त्यांनी तो कुलपात घातला, फिरवला, वाकवला, देवाचं नाव घेतलं, मग कुलूप बनवणाऱ्याला शिव्या घातल्या (आपणच तो, हे विसरून). तार तुटली. कुलूप हललंसुद्धा नाही. पावलं दाराशी येऊन थांबली.

"भूत! अरे कुणीतरी या! मेलो!" मास्टरांनी टाहो फोडला आणि धाडकन खाली बसले.

टक्. आवाज आता दारातच होता. टक्. टक्. आणि मास्टरांच्या डोळ्यांदेखत, कुलूप शाबूत असताना, दार दुसऱ्याच बाजूने उघडलं. फटीतून एक सुरकुतलेला हात आत आला.

"जावईबापू! चक्कर आली का हो? घाबरू नका, मी आहे."

सासूबाई! एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात लांब खिळा, आणि हनुवटीवर जॅम.

"हे... हे दार कसं उघडलंत?"

"बिजागरीच्या खिळी काढल्या, कपाटाच्या काढते तशा. खालून ठोकलं की वर येतात. जन्म सुताराच्या घरात गेला माझा." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या मटकन जावयाशेजारी बसल्या. "रागावू नका हो. सोडलं म्हटलं खरं, पण सुटेना. पुढ्यात असलं की एवढं वाटत नाही, कुलूप बघितलं की जीव जातो. तुमची किंकाळी ऐकली आणि वाटलं, माणूसच गेलं. मग कसली चोरी नि कसलं काय." आणि त्यांनी मास्टरांचा हात मायेने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मास्टरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. चिकट.

बायको परत आली. तिने आधी आईच्या हनुवटीकडे पाहिलं, मग निखळलेल्या दाराकडे, मग कुलपात अडकलेल्या तुटक्या तारेकडे. नवऱ्याचे हात साबणाने खसाखसा धुवायला लावून तिने पुन्हा बोटाला टोचलं. आकडा एकदम खाली! इतके दिवस मशिन सासूबाईंची माया मोजत होतं. डॉक्टरांनी दंडातून रक्त काढलं (मास्टर त्या वेळी बेशुद्ध असल्याने त्रास झाला नाही), रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "छान! इंजेक्शन नको."

सगळं सरळ झालं होतं. पण बायकोच्या मनाला एक गोष्ट खात होती. आपण नवऱ्यावर आळ घेतला, आणि गल्ली अजून त्याला चोर समजते. हे तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या ती बाहेर येऊन उभी राहिली. समोर न्हावी होता, दूधवाला होता, आणि बऱ्याच दिवसांनी आलेलं एक गिऱ्हाईक कपाटाचं कुलूप हातात घेऊन पायरी चढत होतं.

"ऐका सगळे!" ती ओरडली. "माझा नवरा चोर नाही! कपाट माझी आई उघडायची, कुलपाला हातही न लावता! काल मी स्वतः खात्री करून घेतली. तार घेऊन, जीव तोडून, घामाघूम होईपर्यंत खटपट केली ह्यांनी. ह्यांना कुलूप उघडताच येत नाही!"

गिऱ्हाइकाने कुलूप पुन्हा पिशवीत टाकलं, मास्टरांचं मनापासून अभिनंदन केलं, आणि सासूबाई घरी कधी असतात ते विचारलं.