मौजे पिंपळकोंडीच्या बिनविरोधाचा पाडाव

श्रीखंडोबा प्रसन्न. प्रांत धाराशिव, तालुके उमरगा, मौजे पिंपळकोंडी येथील धनगरीण हरणाबाई यांणी सरपंचकीचा अर्ज भरून जो रणसंग्राम मांडिला, त्याची हकीकत लिहितो. लोकशाहीच्या अमलातही असे क्वचित घडते, सबब वाचणाराने सावध असावे.

गावचे मातब्बर श्रीमंत हिंमतराव. दर निवडणुकीस पारावर मसलत बसे आणि त्यांचा एकच अर्ज जाई, मग गाव बिनविरोध ठरे आणि वरून शाबासकी येई. मत द्यावयाचेच नाही, तर ते फुटणार कोठून? रयतेचे स्वातंत्र्य ऐसे जपून ठेविले होते की कोणाच्या हातीच लागू नये. मसलतीसमयी हरणाबाई मेंढरांमागे रानात असत. परतून त्यांणी पुसावे, आमच्या मताचे काय जाहले. तो जबाब मिळे, तुमचेही धरले आहे. हे बाईंस फार लागले. मेंढराची लोकर कातरणाराही आधी धन्यास पुसतो, आणि येथे धडधाकट माणसास कोणी पुसेना! मग बाईंनी औंदा आपलाच अर्ज ठोकिला.

गावी एकच हाहाकार जाहला. बिनविरोधाच्या आनंदासाठी तेरखेड्याहून आणविलेले फटाके तसेच पडून राहिले. श्रीमंतांनी मेंढरांस पाण्याचा हौद देऊ केला, तो बाईंनी नाकारिला. मग भेद आरंभिला, आणि खुद्द बाईंचे यजमान धुळाप्पा मुरुमच्या बाजारी चहा-भज्यांवर फितूर जाहले. घरी येऊन म्हणाले, "घे की अर्ज मागं. लई थोर माणसं हायती ती."

"मग तुमीच जावा त्यांच्या घरी नांदायला," बाई म्हणाल्या, आणि धुळाप्पांची शिष्टाई तेथेच आटोपली.

माघारीचा अखेरचा दिवस उगवला. तीन वाजेतो तहसिलात सही जाहली तर बिनविरोध तरणार होता. सबब श्रीमंत स्वतः मोटार घेऊन निघाले आणि बाभळींमधल्या अरुंद गाडीवाटेस बाईंस गाठिते जाहले. तो मेंढरांच्या फौजेने मोटारीस पुढून मागून वेढा दिला. श्रीमंतांनी भोंगा वाजविला, शिव्या मोजिल्या, परंतु मेंढरांस ना भोंग्याचा धाक ना आमदारांच्या ओळखीचा.

"मावशी, चला, सही करून लगेच सोडतो."

"येते की. भाकर तर खाऊ द्या," म्हणून बाई सावलीस बसल्या, आणि ऐसी निवांत भाकर त्यांणी लग्नापासून खाल्ली नव्हती. श्रीमंत घड्याळ पाहात राहिले. तीन टळले तेव्हा बाईंनी जिभेने एक चुचकारा दिला आणि वाट मोकळी जाहली.

मग जे कधी जाहले नव्हते ते जाहले. निवडणूक लागली, तेणेकरून श्रीमंतांस दारोदार हिंडणे आले. ज्या धनगरवाड्याची वाट त्यांस ठाऊक नव्हती, तेथे चिखलातून गेले, हात जोडिले, आणि जोडिल्या हाती सवयीने हरणाबाईंच्याही उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "मावशी, मत द्या." प्रतिस्पर्ध्यापाशीच मत मागतो आहो हे ध्यानी येताच कानापावेतो लाल जाहले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघू."

मतदान जाहले, मोजणी जाहली. सारी मते हिंमतरावांस, हरणाबाईंस शून्य. गाव पोट धरून हसले, की स्वतःचे मतही बाईस राखिता न आले. गुलालाने माखलेले श्रीमंत सायंकाळी बाईंच्या दारी आले. त्यांचेही मन खात होते.

"मावशी, तुमचं सोताचं मत कुठं गेलं?"

"तुमालाच दिलं की."

"मग उभी कशाला राहिलीस गं बाई? एवढा खर्च, एवढी दगदग!"

"आजवर तुमी न इचारता नेत हुता. औंदा दारात येऊन मागितलंत, म्हून दिलं." बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेविला. "पुढल्या बारीला बी या मागायला. देईन का न्हाय, ते तवा बघू."

श्रीमंत पाणी न पिताच उठले. सरपंचकी हिंमतरावांस जाहली, ऐसे सरकारदप्तरी नमूद आहे. फत्ते हरणाबाईंची जाहली, ऐसे येथे नमूद केले असे.