आर्डिसबाईंचे एकशे बारा बळी

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या वेंडेल टॉफ्टला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून खुपत होती. तो ज्या अमेरिकन फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन पळायचं, बाकीच्यांनी धडकून पाडायचं) लीगमध्ये होता, तिथे बचाव करणाऱ्यांना कुणी विचारत नसे.

ही लीग कॉम्प्युटरवरची. प्रत्येकाने आपला एक खेळाडू तयार करायचा, त्याला रोज सराव द्यायचा. सामने कॉम्प्युटर लावणार. धावायचं कुणीच नाही. (वेंडेलला लीग आवडण्याचं मुख्य कारण हेच.) त्याचा खेळाडू बक थंडरसन, बचावफळीतला. सात मोसम झाले, बक इमानेइतबारे धडका देत होता आणि बक्षिसं मात्र चेंडू घेऊन पळणारे नेत होते.

शेवटी वेंडेलने ठरवलं, लीगच्या पानावर दुर्लक्षित बचावपटूंवर एक सणसणीत लेख लिहायचा. त्यावर सगळे मतं देणार आणि एकाला मानचिन्ह मिळणार. लेखात चार खेळाडू घेतले आणि त्यांची नावं मतदानाच्या यादीत आधीच टाकून ठेवली. पहिला बक. (उरलेले तीन, लोकांना संशय येऊ नये म्हणून.)

नेमकं त्याच आठवड्यात बायकोने, जॅनेलने, त्याला कामाला लावलं. "आई शनिवारी शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर होतेय. एकतीस वर्षं झाली. चर्चच्या तळघरात जेवण आहे. जावई म्हणून तू दोन शब्द बोल. आणि लिहून आण. मागच्या वेळी तू लग्नात बोललास ते आजी अजून विसरलेली नाही."

वेंडेलने दोन्ही लिहून काढलं. एका फाइलचं नाव ठेवलं 'कौतुक', दुसरीचं 'कौतुक नवं'. शनिवारी सकाळी जॅनेल गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. त्या गडबडीत त्याने एक छापून खिशात कोंबलं, दुसरं लीगच्या पानावर टाकलं आणि पळत सुटला.

तळघरात साठेक माणसं, कॉफी आणि ओव्हनमध्ये भाजलेलं सात प्रकारचं हॉटडिश. वेंडेल उभा राहिला. घाबरला की त्याला फक्त वाचता येतं, कळत काही नाही.

"नाव होतं ते पुढे असणाऱ्यांचं," त्याने सुरुवात केली. "मागे उभं राहून धक्के खाणाऱ्यांकडे कोण बघतं?"

लोकांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी, म्हणजे आर्डिसबाईंनी, चष्मा पुसला.

"वय वाढलंय, गुडघे गेलेत, पण धडकेत अजून कुणी हात धरू शकत नाही. वजन दोनशे साठ पौंड—"

"किती?" आर्डिसबाई म्हणाल्या. (त्या जाड कोटासकट जेमतेम शंभर पौंड भरल्या असत्या.)

"—आणि या एका मोसमात एकशे बारा जणांना आडवं पाडलं!"

"शाळेतला सोमवारचा मीटलोफ खायला घालून!" मागून कुणीतरी ओरडलं. तळघर दणाणलं. पाद्रीसाहेबांनी हातातली हॉटडिशची बशी हळूच खाली ठेवली.

"वेंडेल, थांब," जॅनेल दातांतून म्हणाली. पण वेंडेल आता रंगात आला होता.

"आणि हे नाव म्हणजे आपल्या सर्वांचा लाडका बक थंडरसन!"

सगळ्यांच्या माना आर्डिसबाईंकडे वळल्या. मग कोपऱ्यातून आजींचा आवाज आला, "हा बक कोण गं, आर्डिस? तू आम्हाला काहीच बोलली नाहीस!"

घरी आल्यावर वेंडेलने लीगचं पान उघडलं. तिथे सासूबाईंवरचं भाषण झळकत होतं. 'आर्डिस दारात उभी राहिली की आत घुसायची कुणाची हिंमत नाही. एकतीस वर्षांत एक दिवस चुकली नाही. कधी शाबासकी मागितली नाही.' खाली लोकांनी विचारलं होतं, 'ही आर्डिस कुठल्या संघात आहे? आम्ही इतकी वर्षं झोपलो होतो का?' आर्डिस यादीत नव्हती, तरी लोकांनी तिचं नाव लिहून एक्केचाळीस मतं दिली होती आणि बकला दोन. (एक वेंडेलचं. दुसरं देणाऱ्याने चुकून दिल्याचं खाली कळवलं होतं.)

वेंडेलने खरं काय ते सांगितलं, तर लीगवाले म्हणाले, मग त्यांना खेळाडू तयार करू दे, मानचिन्ह राखून ठेवतो. आर्डिसबाई दोन दिवसांतच रिकामपणाला कंटाळल्या होत्या. "शिकव मला," त्या म्हणाल्या.

वेंडेलने शिकवलं. बाईंनी एकही सराव चुकवला नाही. महिन्याभरात चार संघ त्यांच्या मागे लागले आणि वेंडेलच्या संघाने त्यांना घेतलं. जागा करायला एका खेळाडूला काढावं लागलं. बकला.

रविवारी जेवायला वेंडेल तोंड पाडून बसला होता. आर्डिसबाईंनी त्याच्या ताटात बटाटे वाढले.

"मनाला लावून घेऊ नकोस. संघाच्या मॅनेजरने मला तुझ्याबद्दल विचारलं होतं. मी सांगितलं, मुलगा फार चांगला आहे."

"मग?" वेंडेलला जरा धीर आला.

"मग त्याने विचारलं, आणि खेळाडू म्हणून?" त्या म्हणाल्या. "आता मी चर्चला जाणारी बाई, वेंडेल. खोटं कसं बोलू?"